हवा काढायचं काम माझ्याकडे होतं

आमच्या घरात मंगळवार आणि शुक्रवार हे दोनच वार होते. बाकीचे पाच दिवस म्हणजे या दोघांच्या मधली जागा. त्या दोन दिवशी मायला डायलिसिससाठी वाशिमला न्यायचं असे. बाबा जीप चालवायचे. सात सिटांची जुनी जीप, इतर दिवशी मंगरूळपीर ते पोहरादेवी सवाऱ्या वाहायची आणि त्या दोन दिवशी फक्त मायची असायची. सकाळी जाग यायची ती बोअरच्या मोटारीच्या आवाजानं नाही, तर बाबा जीप देवळाच्या चढावर लावायचे त्या आवाजानं. पुढचं तोंड वर, मागच्या चाकांना दगड. मग बाबा अंगणातूनच ओरडायचे, "शिले, ये व! हवा काढ." गावातल्या मुली सकाळी रांगोळी काढायच्या, मी हवा काढायचे. शेजारचे गजाननकाका दात घासता घासता रोज तोच टोमणा मारायचे, "काय शिलाताई, आज गाडीचा बीपी किती आहे?"

मायला दिवसाला दोन पेले पाणी. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि तिनं स्वतः पाळलेलं. तिचा एक छोटा स्टीलचा पेला होता, देवळीत पालथा घातलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. भाजी आधी उकळून, ते पाणी फेकून, मग बिनमिठाची. केळं नाही, टमाटर नाही, वरण नावापुरतं. आणि तीच माय आमच्यासाठी चुलीपाशी बसून अंबाडीची भाजी घोटायची, ठेचा रगडायची, भाकरी थापायची. चव बघायला मला बोलवायची. "मीठ पाहा व, मले काई समजत नाई आता." मी चढावर बॉनेट उघडून, प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून केलेल्या नाळक्यानं रेडिएटरमध्ये पाणी ओतत असायचे, तेव्हा ती बाजेवर बसून बघायची. एकदा म्हणाली, "त्या मेलीले किती पाजता. तेवढं मले पाजा, मी चालत जाईन वाशिमले." बाबा हसले. मीही हसले. आमच्या घरात अशाच गोष्टींवर हसायचं असे.

रेडिएटरला खालच्या अंगाला बारीक गळती होती. ते बदलणं पोहरादेवीची यात्रा झाल्यावर बघू असं बाबा म्हणायचे. यात्रेच्या दिवसांत जीप दोन दिवस गॅरेजात ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पाणी गळलं की त्याच्या जागी हवा शिरते. नुसतं वरून भरलं की रेडिएटर भरलेलं दिसतं, पण इंजिनाच्या आत कुठेतरी हवेचा गोळा अडकून बसतो आणि तिथे पाणी पोहोचत नाही. म्हणून हवा काढायची. थंड इंजिनावर झाकण उघडायचं, पाणी भरायचं, गाडी सुरू करायची, वरचा जाड पाइप हातानं दाबत राहायचं. आत गुडगुड होते, बुडबुडे वर येतात, पाणी खाली बसतं, पुन्हा ओतायचं. पाइप गरम होईस्तोवर हे चालतं. ज्या गाडीत हिटर असतो तिथे हिटर पूर्ण उघडायचा असतो, म्हणजे त्याच्या नळ्यांतली हवाही निघते. आमच्या जीपचा हिटर बाबांनी फार आधीच तोडून घेतला होता. इकडचे सगळेच ड्रायव्हर तोडतात. एप्रिलात स्टिअरिंगला हात लागत नाही, त्या मुलखात हिटर कुणाला लागतो? मंगरूळपीरच्या रफीकचाचांनी हिटरच्या दोन नळ्या एका तुकड्यानं एकमेकींना जोडून दिल्या होत्या. तो तुकडा काचेखाली, सगळ्यात उंच जागी कमानीसारखा आला होता. हवा नेमकी तिथे जाऊन बसायची.

नंतर माय आजारी पडली आणि आमच्या घरात हिटर लागणारं माणूस तयार झालं. रक्त कमी, त्यामुळे तिला सतत थंडी. भर उन्हात पायात लोकरीचे मोजे. जीपमध्ये पुढच्या सीटवर गोधडी पांघरून बसायची. "गाडीत गरम हवा येते म्हणतात नं," तिनं एकदा विचारलं. बाबांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "यात्रा झाली की जोडून देतो." यात्रेनंतरच्या कामांची ती यादी मला अजून पाठ आहे.

मला हे काम रफीकचाचांनी शिकवलं. बाबांना घाई, ते दोन बुडबुडे निघाले की झाकण लावायचे. चाचा म्हणाले, "भाऊ, तुमच्यानं नाई होत. पोरीले द्या." आणि मला जवळ बोलावून कमानीवरची, नळी आवळून धरणारी क्लिप दाखवली. "हे पाय बेटी. बाकी सब कर, पर हे नाई केलं तं काहीच नाई केलं. पेचकसनं ढिली कर. पयले फुरफुर करन, थुकन तुह्या तोंडावर. थुकू दे. सीधी धार आली का मग कस. घाई नाई करायची. हवा आपल्या मर्जीनं निकलते." ती क्लिप अशा जागी होती की गरम इंजिनावर पोट टेकवून वाकावं लागे. दरवेळी दंडाला चटका बसायचा. पण मी करायचे. वर्षभर एकही मंगळवार, एकही शुक्रवार चुकवला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्याच्यासाठी सांगते आहे.

त्याच वर्षी मी पत्रकं वाटायला लागले होते. मंगरूळपीरला कॉलेजात आम्हा दहा-बारा जणांचा गट होता. डायलिसिसच्या पेशंटांना तालुक्यातून ने-आण करायला सरकारी गाडी मिळावी, ही मागणी मीच गटात मांडली होती. पत्रकही मीच लिहिलं. "रुग्णवाहिका उपकार नाही, हक्क आहे!" हे वाक्य माझं. ते छापून हातात आलं तेव्हा मी त्याचा वास घेतला होता. माझा आयुष्यातला पहिला छापलेला शब्द. मायला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "यात माह्यं नाव काहून नाई?" मी म्हटलं, "माय, हे सगळ्यांसाठी आहे." ती म्हणाली, "हो, मंग बरोबर आहे," आणि गोधडी ओढून घेतली. आज मी शेकडो पत्रकं लिहिली आहेत आणि अजून मला तिचा प्रश्न जास्त बरोबर वाटतो.

आम्ही निवेदन द्यायचा दिवस ठरवला तो शुक्रवार. यात्रेचे दिवस होते. साडेदहाला तहसीलसमोर जमायचं. मायची पाळी बाराला. मी बाबांना म्हटलं, मला मंगरूळपीरला उतरवा आणि तुम्ही दोघं पुढे वाशिमला जा. सगळं बसत होतं. फक्त सकाळी उठायला उशीर झाला, कारण आदल्या रात्री उशिरापर्यंत मी मंगरूळपीरला मुलांसोबत फलक रंगवत बसले होते.

चढावर जीप लागलेली होती. मी पाणी भरलं, गाडी सुरू केली, पाइप दाबला. बुडबुडे आले, थांबले. पुन्हा ओतलं, पुन्हा आले, थांबले. नऊ वाजून गेले होते. फोनवर गटातली मुलं विचारत होती, पत्रकांचा गठ्ठा तुझ्याकडेच आहे ना, कुठे आहेस? पेचकस माझ्या हातात होता. मी स्पष्ट सांगते, मी विसरले नव्हते. मी त्या क्लिपकडे बघितलं. माझ्या अंगात धुतलेला पांढरा ड्रेस होता, मोर्चासाठी घातलेला. वाकलं तर ग्रीस लागणार, गंजाचं पाणी उडणार. बुडबुडे तर थांबलेच आहेत, असं मी मनाशी म्हटलं. बाजेवरून मायनं विचारलं, "झालं का व?"

"झालं," मी म्हटलं आणि झाकण लावलं.

निघालो. बाबा गाडी चालवायचे ती काट्याकडे बघून. गरमीचा काटा खाली असला की ते शिट्टी वाजवायचे. त्या दिवशी काटा अगदीच खाली होता. समोरून पोहरादेवीकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ. टपावर माणसं, ट्रॅक्टरमध्ये बाया, गाणी, भोंगे. बाबा म्हणाले, "पाय, आज गाडी कशी थंडी चालून राह्यली." मला नंतर कळलं की काट्याला खबर देणारी खुंटी पाण्यात बुडालेली असावी लागते. ती हवेत असली तर काटा खालीच राहतो, आत काही का जळेना.

आणि माय खूश होती. हे मला लिहायला सगळ्यात जड जातं. तिनं गोधडी बाजूला सारली, मोजे काढले आणि पाय समोर पत्र्याला टेकवले. "आज पायाले बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली. "मस्त गरम लागते. हिटर जोडला का काय हो?" बाबांनी हसून मान हलवली. मी मागच्या सीटवर गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, चला, आज तिचा दिवस बरा आहे. तिघांपैकी कुणालाही कळलं नाही की तिचे पाय शेकत होते ते इंजिन करपत होतं म्हणून. तिला कळलं असतं, पण गरम वाटणं ही तिच्यासाठी तक्रारीची गोष्ट नव्हती. किती महिन्यांनी तिला तसं वाटलं होतं.

मंगरूळपीरच्या अलीकडे चारेक किलोमीटरवर इंजिनातून ठकठक आली, मग एक करकरीत आवाज, मग काही नाही. जीप घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली. बॉनेटखालून पांढरी वाफ. बाबा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागे आले. त्यांनी स्टार्टर मारून बघितला. त्या आवाजावरून त्यांना कळलं. "गेली," ते म्हणाले. एवढंच.

मी रस्त्यावर हात करत उभी राहिले. मंगरूळकडे जाणाऱ्या गाड्या तुरळक, आणि ज्या होत्या त्या यात्रेहून सवाऱ्या कोंबून परतणाऱ्या. एकही थांबली नाही. सरकारी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, पेशंटला काय झालं? मी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, डायलिसिस इमर्जन्सीत येत नाही. आणि गाड्या सगळ्या यात्रेत आहेत." मी त्याला माझ्या पत्रकातलं वाक्य ऐकवलं. खरंच ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि फोन ठेवला. मायला जीपच्या सावलीत बसवलं होतं. पोट फुगलेलं, श्वास वरवर चाललेला, आडवं पडलं की जास्त लागायचा. मी गठ्ठ्यातली दहा-वीस पत्रकं घेऊन तिला वारा घालत राहिले. ती म्हणाली, "नको घालू. मले थंडी वाजते."

शेवटी एक टेम्पो थांबला, यात्रेत टरबुजं विकून परतणारा. मागे गवत आणि उरलेली पाच-सहा फुटकी टरबुजं. आम्ही मायला वर चढवलं. बाबा जीपपाशी न थांबता सोबत आले. ड्रायव्हर भला माणूस. तिचा चेहरा बघून त्यानं एक टरबूज फोडलं आणि मोठी फाक तिच्या हातात दिली. "घ्या मायबाई, उन्हाचं बरं वाटन." तिनं ती दोन्ही हातांनी धरली. लाल, रस गळणारी. ती तिला विष होती, एक घोटही चालणार नव्हता. पण देणाऱ्याला नाही म्हणणं तिला जमलं नसतं. टेम्पो चालू झाल्यावर तिनं ती माझ्यापुढे केली. "खा. फेकू नको, त्याले दिसन." मी खाल्ली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

टेम्पो तहसीलसमोरून गेला. आमची मुलं रस्त्याच्या कडेला उभी होती, मी रंगवलेला फलक दोघांनी धरला होता. पत्रकं माझ्याकडे, त्यामुळे नुसत्याच घोषणा चालल्या होत्या. रुग्णवाहिका उपकार नाही! हक्क आहे! एकीनं मला टेम्पोत बघितलं आणि हात हलवला. तिला वाटलं असेल, मी कुठून तरी माणसं घेऊन आले आहे. मी खाली वाकले. मायच्या पायांत मोजे घालते आहे असं दाखवलं.

एसटीनं वाशिमला पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मायच्या खुर्चीवर दुसरं माणूस होतं, त्याच्या हातात सुया, त्याच्या बाजूला त्याची बायको. त्याला उठवा असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? तरी म्हटलं. सिस्टर थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी संध्याकाळच्या दोन पाळ्यांच्या मध्ये दीड तास काढून दिला. चार तासांचं काम दीड तासात. माय परत आली ती तशीच जड.

जीपच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, तडकलं होतं. रफीकचाचा म्हणाले, पार्ट अकोल्याहून येईस्तोवर पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत आम्ही तिला एसटीनं नेलं. दोन बस बदलायच्या, यात्रेची गर्दी, परतताना तिला उभंही राहता येत नसे. तीन फेऱ्या केल्या. चौथ्या पाळीच्या दिवशी सकाळी मी तिला उठवायला गेले तर ती जागीच होती. म्हणाली, "मी नाई येत आता."

"माय, असं काय करतं? पार्ट येतोच आहे, मग जीप आठ दिवसांत होते म्हणतात."

"जीप होईन. मी नाई होत." मग बाबांकडे बघून, "तुमी इले समजवा. मले नका समजवू."

बाबांनी समजावलं. गजाननकाका आले, ते टोमणा न मारता बोलले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी हातापाया पडले, भांडले, हक्काचं भाषणही केलं. ती ऐकून घ्यायची आणि चुलीकडे बघायची. नाही म्हटल्यापासून नवव्या दिवशी दुपारी, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले असताना ती गेली. जीप तेव्हा अजून गॅरेजातच होती.

तेरवी झाल्यावर बाबा मला घेऊन जीप आणायला गेले. रफीकचाचांनी उघडलेलं जुनं हेड बाजूला ठेवलं होतं आणि तो कमानीचा तुकडाही. त्यांनी तुकडा उचलून दाखवला. आतून कोरडा, करपलेला. "भाऊ, इथं पाणी पोचलंच नव्हतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाजात काही नव्हतं, साधाच प्रश्न. "बेटी, क्लिप ढिली केली होती नं?"

माझं तोंड उघडायच्या आधी बाबा भडकले. "तिले काय विचारतं गा? वर्षभर हात भाजून घेतले तिनं! तुनं बांधला हा पाइप इथी. तुनं तोडला हिटर. माही बायको गेली तुह्या या तुकड्यापायी." गॅरेजातली माणसं काम थांबवून बघायला लागली. बाबा बोलत राहिले, बोलू नये ते बोलले. मी पांढऱ्या ड्रेसची गोष्ट सांगू शकत होते. एक वाक्य होतं ते. चाचा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी नजर काढून घेतली. "हां भाऊ," ते म्हणाले. "पाइप मीच वर बांधला. खालून न्यायला पाहिजे होता. गलती माही आहे." आणि त्यांनी मान खाली घालून हात पुसले.

त्यांनी पाइप वर बांधला हे खरं. बाबांनी रेडिएटर बदललं नाही हे खरं. तालुक्यात पेशंटांना न्यायला गाडी नव्हती हेही खरं, आणि यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे. एका जिवाचं जगणं एका गंजक्या क्लिपवर टांगून ठेवणारी व्यवस्था गुन्हेगार आहे, हे मी शंभर सभांत सांगितलं आहे. लोक टाळ्या वाजवतात. त्या सभांमध्ये मी जीप बिघडल्याची गोष्ट सांगते आणि "गाडीत हवा अडकली" असं म्हणते. कुणी अडकवली ते म्हणत नाही.

बाबांनी त्या दिवसापासून रफीकचाचांच्या गॅरेजचं तोंड बघितलं नाही. बाजारात समोर आले तर रस्ता बदलतात. वीस वर्षांची दोस्ती होती. ईदला शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडे यायचा, तो बंद झाला. जीप पुढे विकली. मागच्या महिन्यात माझ्या आठवणींच्या वहीतलं हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा कागदावर पुढे जाता येईना, म्हणून एका दुपारी बाबांना सगळं सांगितलं. ते तुरीच्या शेंगा सोलत होते. सोलत राहिले. टोपली अर्धी झाली तेव्हा म्हणाले, "रफीकले सांगितलं?"

"नाही."

"मंग मले काय सांगून राह्यली?"

ते उठून आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण माझ्या हातचं नाही. स्वतः भाकरी थापली, जाडजूड, कडा फाटलेली.

मी दोनदा मंगरूळपीरला गेले. पहिल्या वेळी गॅरेजात गिऱ्हाईक होतं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वेळी कुणीच नव्हतं. चाचा एकटे, पाठमोरे, चष्मा कपाळावर सारून एका इंजिनावर वाकलेले. मी पायरीपर्यंत पोहोचले होते. त्यांनी न वळताच विचारलं, "कोन आहे?"

मी पायरीवरूनच मागे फिरले. शेजारच्या दुकानातून काडेपेटी घेतली आणि बस स्टँडकडे चालू लागले.